एकट्या वॉरियरने स्टन कुठे खर्च करावा? (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट म्हणजे वॉव क्लासिक, हार्डकोअर)

दगडीवाडा

हार्डकोअर सर्व्हर ऑगस्ट २०२३ मध्ये अधिकृतपणे सुरू झाल्यापासून आपल्या गटातले बरेच जण पुन्हा वॉरियरकडे वळलेत. त्यातले अर्धे तरी तीस-पस्तीस लेव्हलच्या आसपास मरतात, आणि मेलं की ते कॅरेक्टर संपलंच. त्यांचे शेवटचे व्हिडिओ बघताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. स्टन (समोरच्याला काही सेकंद जागीच गोठवणारा वार) लढाईच्या पहिल्या पाच सेकंदांत वापरून झालेला असतो आणि खरी गरज पडते तेव्हा कूलडाउन (तो पुन्हा वापरता येईपर्यंतची वाट) चालू असतो. म्हणून हा धागा.

एकटा खेळताना वॉरियर हा क्लासिकमधला सगळ्यात उघडा पडणारा क्लास आहे. मेजकडे ब्लिंक आणि फ्रॉस्ट नोव्हा, रोगकडे व्हॅनिश, पॅलाडिनकडे बबल. हंटरचा तर पेटच मार खातो. वॉरियरकडे ना हील, ना सुटून जायची सोय. आहे ते शस्त्र, रेज (वार करायला खर्च होणारी ताकद) आणि मोजके स्टन. म्हणून प्रत्येक स्टनचा हिशेब ठेवावा लागतो.

आधी काय काय हाताशी असतं ते बघू. चौथ्या लेव्हलला चार्ज मिळतो, त्यात १ सेकंदाचा स्टन असतो, पण चार्ज लढाई सुरू होण्याआधीच मारता येतो, त्यामुळे त्याला डावपेचात फारशी जागा नाही. तिसाव्या लेव्हलला बर्सर्कर स्टान्सबरोबर (स्टान्स म्हणजे लढायचा पवित्रा) इंटरसेप्ट येतो: ३ सेकंद स्टन, १० रेज, ३० सेकंद कूलडाउन, आणि हा लढाई चालू असतानाही चालतो, फक्त मॉब (खेळातला शत्रू) ८ ते २५ यार्डांवर हवा. आणि प्रोटेक्शनमध्ये (बचावाच्या टॅलेंट शाखेत) २१ पॉइंट घातलेत तर तिसाव्यालाच कंकशन ब्लो: पूर्ण ५ सेकंद, १५ रेज, ४५ सेकंद कूलडाउन, ढाल लागत नाही. हा धागा मुख्यतः कंकशन ब्लोबद्दल आहे.

लढाईच्या सुरुवातीला तो का मारू नये? क्लासिकमध्ये रेज आपण मारल्यावर येतो तसाच मार खाल्ल्यावरही येतो. मॉब पाच सेकंद गप्प उभा राहिला म्हणजे त्याच्याकडून येणारा रेज बंद. वर १५ रेज आपण आधीच मोजलेत. सुरुवातीला आपला जीव भरलेला असतो, मार खायला परवडतो, उलट तो मार म्हणजे आपली कमाई असते. त्याच वेळी मॉबला थांबवून आपणच आपला पुरवठा तोडतो. पुढे जीव अर्ध्यावर येतो, दुसरा मॉब चालत येतो आणि हातात ना रेज, ना स्टन.

माझ्या मते कंकशन ब्लोचे खरे उपयोग तीनच आहेत.

पहिला, हील टाकणाऱ्या मॉबसाठी. इथे एक बारकावा आहे. स्टनने चालू असलेला कास्ट (जादूची तयारी) तुटतो, पण पमल किंवा शील्ड बॅश या कास्ट तोडणाऱ्या वारांसारखी त्याची जादू काही सेकंद बंद होत नाही. स्टन सुटला की तो पुन्हा हील सुरू करणार. म्हणून कास्ट बार दिसताच बटण दाबू नका. तीन सेकंदांचा हील असेल तर दोन सेकंद त्याला टाकू द्या, मग स्टन करा. त्याचे ते दोन सेकंद फुकट गेले, त्यावर स्टनचे पाच. एका बटणात सात सेकंद त्याच्याकडून काहीच झालं नाही, आणि आपली कुऱ्हाड चालूच होती.

दुसरा, पट्टीसाठी. फर्स्ट एड न शिकलेला वॉरियर हार्डकोअरमध्ये टिकत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. हेवी सिल्क बँडेज ८ सेकंदांत ६४० जीव देते, म्हणजे सेकंदाला ८०. स्टन लागला की लगेच पट्टी सुरू केली तर चार टिक (सेकंदाला एक हप्ता) नक्की पदरात पडतात, म्हणजे ३२०. पस्तिसाव्या लेव्हलला हा आकडा लढाईचा निकाल बदलतो. मात्र अंगावर विष किंवा रक्तस्राव चालू असेल तर पट्टी पहिल्याच टिकला तुटते आणि मिनिटभर दुसरी लावता येत नाही. स्टन मारण्याआधी एक नजर स्वतःच्या डिबफवर (अंगावर लागलेल्या वाईट परिणामांवर) टाकायचीच. ड्वार्फ असाल तर स्टोनफॉर्मने विष, रोग, रक्तस्राव तिन्ही जातात. मग स्टोनफॉर्म, स्टन, पट्टी हा क्रम.

तिसरा, पळण्यासाठी. याबद्दल खाली सविस्तर लिहीन, कारण तिथेच सगळ्यात जास्त जण मरतात.

तुमचे अनुभव सांगा.

रात्रकिडा

लेख आवडला, पण मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. लेव्हलिंग करताना प्रोटेक्शनमध्ये २१ पॉइंट? एका पाच सेकंदांच्या स्टनसाठी? तेवढ्याच पॉइंटांत आर्म्समध्ये (हल्ल्याच्या शाखेत) टू-हँड स्पेशलायझेशन, इम्पेल आणि स्वीपिंग स्ट्राइक्स (वार शेजारच्या मॉबलाही बसतो) मिळतं. मॉब लवकर मेला तर स्टनची गरजच काय? आणि दोन्ही हवं म्हणाल तर साठाव्या लेव्हललाही जमत नाही. मॉर्टल स्ट्राइकला ३१, कंकशन ब्लोला २१, बेरीज ५२. आपल्याकडे पॉइंट ५१. ब्लिझर्डने मुद्दाम एका पॉइंटाने अडवलंय असं मला कायम वाटत आलंय.

स्टन हवाच असेल तर मेस (गदा) घ्या. तिसाव्याच्या व्हर्लविंड क्वेस्टमध्ये सगळे डोळे मिटून कुऱ्हाड घेतात, पण तिथे वॉरहॅमरही मिळतो. मेस स्पेशलायझेशन टाका, स्टन आपोआप लागत राहतो.

दगडीवाडा

रात्रकिडा, साध्या सर्व्हरवर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तिथे मेलो तर भूत होऊन प्रेतापर्यंत धावत यायचं, दोन मिनिटं गेली एवढंच. तिथे आर्म्सच घ्यावं. हार्डकोअरमध्ये प्रश्न मॉब किती लवकर मरतो हा नाही. तीन मॉब अंगावर आले त्या एका वेळी तुमच्याकडे काय आहे हा आहे. स्वीपिंग स्ट्राइक्स तेव्हा उपयोगी पडतं, पण त्यासाठी तिथे उभं राहून लढावं लागतं. आणि काही वेळा उभं राहणं हाच चुकीचा निर्णय असतो.

मेसबद्दल मात्र मी अजिबात सहमत नाही. आपोआप लागणाऱ्या स्टनवर काही ठरवता येत नाही. तो मॉबचा जीव पाच टक्के असताना लागेल, जेव्हा त्याचा काहीच उपयोग नाही, आणि हील पडताना लागणार नाही. नुकसान भरून काढायला चांगला, भरवशाचा नाही. डावपेच म्हणजे आपण ठरवलेल्या क्षणी ठरवलेली गोष्ट होणं.

मिरची_मेज

वॉरियर नाही, तरी बोलते. दगडीवाडा, पहिल्या उपयोगात एक भर घाला. स्टन झालेला मॉब डॉज, पॅरी, ब्लॉक काहीच करू शकत नाही. म्हणजे त्या पाच सेकंदांत तुमचे वार वाया जाण्याची शक्यता बरीच कमी. मग हाणामारीसाठी स्टन अगदीच वाया जातो असं कसं म्हणता?

दगडीवाडा

ताई, मुद्दा बरोबर आहे, आणि त्यात स्विंग टायमर (दोन वारांमधला वेळ) आणला की तो आणखी पक्का होतो. समजा तुमच्या कुऱ्हाडीचा वेग ३.५ आहे. वार नुकताच पडला आणि लगेच स्टन मारला, तर पाच सेकंदांत पुढचा वार एकदाच बसतो, साडेतीन सेकंदांनी. पण वार पडायच्या अगदी आधी स्टन मारला, तर तो वार लगेच आणि पुढचा साडेतीन सेकंदांनी, असे दोन बसतात. तेच बटण, तोच रेज, पण वार दुप्पट. म्हणून स्विंग टायमर दाखवणारा ॲडऑन टाकाच. बहुतेक मॉब दोन सेकंदांना एक वार करतात, त्यामुळे पाच सेकंदांत त्याचे दोन-तीन वार चुकतात, ते वेगळं.

म्हणजे स्टनचा फायदा नुकसानासाठीही आहे. पण तो वरच्या तीन कामांबरोबर फुकट मिळणारा फायदा समजावा. केवळ त्यासाठी ४५ सेकंद निःशस्त्र राहू नये.

नवखा_नाशिककर

सगळ्यांना नमस्कार. मी सतराव्या लेव्हलवर आहे, ह्यूमन वॉरियर, वेस्टफॉलमध्ये. तुम्ही तिसाव्याच्या पुढचं सांगताय, पण मी तर डेफियस पिलेजरलाच घाबरतो. तो लांबून फायरबॉल टाकतो आणि जवळ पोचेपर्यंत माझा चौथाई जीव गेलेला असतो. माझ्याकडे फक्त चार्ज. काय करू?

दुसरं म्हणजे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ). युरोपच्या सर्व्हरवर खेळतो, १५० ते १८० मिलिसेकंद. कास्ट बार शेवटाला आला की शील्ड बॅश दाबतो पण फायरबॉल सुटलेला असतो.

सह्यकडा

नवखा भाऊ, पिलेजरने नव्या खेळाडूंचे जेवढे बळी घेतलेत तेवढे कुठल्या डंजनच्या बॉसनेही घेतले नसतील. दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही एकदम जमत नाहीत.

एकटा उभा असलेला पिलेजर असेल तर त्याला कळायच्या आत चार्ज. तो १ सेकंद स्टन राहतो, तुम्ही त्याच्या छातीवर असता आणि रेजही आलेला असतो. ब्लडरेज (लगेच रेज देणारं बटण) चार्जच्या आधी दाबायचा नाही, कारण ब्लडरेजने तुम्ही लढाईत जाता आणि मग चार्ज बंद. आधी चार्ज, मग ब्लडरेज. मग त्याचा पहिला कास्ट सुरू झाला की शील्ड बॅश, तो बाराव्यालाच मिळतो.

तो दोघा-तिघांत उभा असेल तर चार्ज विसरा. लांबून एक बाण मारा आणि घराच्या किंवा कुंपणाच्या आड जा. त्याला तुम्ही दिसेनासे झालात की तो कास्ट सोडून चालत येतो. कोपऱ्यावर आला की हाणा. चार्ज न मिळाल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दगडीवाडा

सह्यकडा यांनी नेमकं सांगितलंय. पिंगबद्दल माझ्याकडून.

भारतात वॉवचे सर्व्हर नाहीत, त्यामुळे पुणे काय, नाशिक काय, आपण सगळेच पाहुणे. आपल्याला दिसणारा कास्ट बार आधीच थोडा शिळा असतो. त्यात दाबलेलं बटण तिकडे पोचायलाही वेळ लागतो. म्हणून शेवटच्या टप्प्यावर थांबणं हे कमी पिंगवाल्यांचं काम. मी वर 'दोन सेकंद टाकू द्या' लिहिलं ते तीन सेकंदांच्या लांब हीलसाठी, तिथे एक सेकंदाची जागा उरते. दीड सेकंदाच्या छोट्या कास्टवर मात्र बार निम्म्यावर यायच्या आत दाबा. आणि ज्या कॅस्टरचा कास्ट किती लांब हे माहीत नाही, त्याचा पहिला कास्ट नुसता बघा. दुसऱ्याला तोडा.

वीज जाण्याची भीती असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. लढाईच्या मध्यात कनेक्शन तुटलं तर कॅरेक्टर तिथेच उभं राहून मार खातं. त्यावर कुठला स्टन चालत नाही.

घोंगडी_टॉरेन

होर्डच्या (खेळातल्या दुसऱ्या पक्षाच्या) बाजूने चार शब्द. टॉरेनला वॉर स्टॉम्प जन्मजात मिळतो. ८ यार्डांतले पाच मॉब २ सेकंद स्टन, दोन मिनिटं कूलडाउन, रेज लागत नाही. पण अर्ध्या सेकंदाचा कास्ट आहे, हे पुष्कळ जण विसरतात आणि चालता चालता दाबतात. थांबून दाबा. दोन सेकंदांत पट्टीचा फार तर एखादा टिक मिळतो, त्यामुळे मी तो पट्टीसाठी वापरत नाही. तीन कॅस्टर एकदम कास्ट करताना एका बटणात तिघांचे कास्ट तुटतात, तिथे त्याला तोड नाही.

दगडीवाडा, पळण्याबद्दल लिहिणार होतात.

दगडीवाडा

हो. सवडीने लिहायचं होतं म्हणून थांबलो होतो.

पाठ फिरवून पळताना दोन गोष्टी आपल्या विरोधात असतात. मॉब आपल्यापेक्षा थोडे वेगात धावतात. आपण सेकंदाला ७ यार्ड, ते साधारण ८. आणि पाठीवर वार बसला की डेझ लागतो, वेग निम्मा होतो, मग संपलंच. त्यामुळे मॉब अंगाला चिकटलेला असताना नुसतं धावत सुटणं म्हणजे मरण लांबवणं.

आता त्याच जागी कंकशन ब्लो मारून पळालात तर काय होतं ते बघा. पाच सेकंदांत ३५ यार्ड अंतर पडतं. मॉब सुटल्यावर सेकंदाला एक यार्डाने जवळ येतो. म्हणजे त्याला तुम्हाला गाठायला पस्तीस सेकंद लागतील, आणि तेवढ्यात बहुतेक वेळा तो माघारी फिरतो किंवा तुम्ही गार्डपर्यंत पोचता. स्टनच्या आधी हॅमस्ट्रिंगही (वेग कमी करणारा वार) लावला असेल तर स्टन सुटल्यावरही तो काही सेकंद रखडत चालतो. हॅमस्ट्रिंग १०, कंकशन ब्लो १५. बेरीज २५ रेज.

हा २५ आकडा डोक्यात कोरून ठेवा. धोक्याच्या जागी, म्हणजे गुहेत, छावणीत, जिथे दुसरा मॉब येण्याची शक्यता आहे तिथे, रेज २५ च्या खाली येऊ द्यायचा नाही. हिरोइक स्ट्राइकचा मोह आवरायचा. लढाई थोडी लांबते, लांबू द्या. मी सगळी टॅलेंट, सगळे मॅक्रो बाजूला ठेवून एकच सवय सांगायची म्हटलं तर हीच सांगेन.

दोन मॉब मागे लागले तर? स्टन एकालाच लागतो. जो जास्त नुकसान करतो त्याला स्टन, दुसऱ्याला हॅमस्ट्रिंग. तीन असतील तर इंटिमिडेटिंग शाउट, ८ सेकंद. पण गुहेत शाउट मारताना दहा वेळा विचार करा, कारण घाबरलेले मॉब आत पळतात आणि आणखी चार घेऊन येतात. उघड्या माळावर तोच शाउट अमृत आहे, पूर्ण आठ सेकंदांची पट्टी बसते.

रात्रकिडा

पळणाऱ्या मॉबचं काय? मरलॉक, डेफियस, सिंडिकेट, सगळे जीव कमी झाला की पळतात आणि सोबत्यांना आणतात. तिथे मी तरी स्टनच मारतो.

दगडीवाडा

तिथे हॅमस्ट्रिंग. पाच रेज स्वस्त, कूलडाउन नाही, आणि त्याचा जीव तीस टक्क्यांच्या आसपास असतानाच लावून ठेवला की तो पळाला तरी दोन पावलं जातो. चोविसाव्यानंतर एक्झिक्यूट (जीव कमी उरलेल्याला संपवणारा वार) आहेच. हॅमस्ट्रिंग चुकला आणि तो दुसऱ्या छावणीच्या दिशेने निघाला, तरच स्टन. तेवढ्यात तो आठ यार्ड लांब गेला असेल तर इंटरसेप्ट.

सह्यकडा

इंटरसेप्टचा उल्लेख आलाच आहे तर एक युक्ती. स्टान्स बदलला की रेज शून्य होतो, टॅक्टिकल मास्टरी या आर्म्सच्या टॅलेंटच्या प्रत्येक पॉइंटमागे ५ उरतो. इंटरसेप्टला १० लागतात, म्हणजे निदान दोन पॉइंट हवेत. तेही नसतील तर बर्सर्कर स्टान्समध्ये या आणि ब्लडरेज दाबा. त्याचे १० लगेच मिळतात, तेवढ्यात इंटरसेप्ट निघतो. म्हणून ब्लडरेजही उगाच खर्चू नका. आणि काम झालं की परत बॅटल स्टान्समध्ये या, बर्सर्करमध्ये १० टक्के जास्त मार बसतो.

मिरची_मेज

खेळाडूंशी लढतानाचं कोणी बोलत नाहीये, म्हणून मेजच्या बाजूने सांगते. वॉरियरने माझ्यावर इंटरसेप्ट मारला की मी ब्लिंक करते, स्टन तुटतो, वर वीस यार्ड लांब. तुमचा इंटरसेप्ट ३० सेकंद गेला. शहाणा वॉरियर माझा ब्लिंक आधी काढून घेतो. चार्ज मारतो, हॅमस्ट्रिंग लावतो, मी ब्लिंक करते आणि तेव्हा तो इंटरसेप्ट टाकतो. ब्लिंकला १५ सेकंद कूलडाउन आहे. तेवढ्यात माझं काही खरं नसतं.

आणि ऑर्कला स्टन करताना जपून. त्यांना २५ टक्के प्रतिकार आहे. तुमचा सगळा बेत एका स्टनवर उभा असेल तर चारातून एकदा तो कोसळणार.

घोंगडी_टॉरेन

याला जोडून. एकाच खेळाडूवर लागोपाठ स्टन मारले तर दुसरा निम्मा लागतो, तिसरा पाव, चौथा लागतच नाही. मधे पंधरा-वीस सेकंद जाऊ दिले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. दोन वॉरियर मिळून एकाला मारताना दोघेही एकदम स्टन टाकतात, तो शुद्ध अपव्यय आहे.

नवखा_नाशिककर

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आर्म्समध्ये आठ पॉइंट टाकून बसलोय. आता प्रोटेक्शनकडे जायचं तर हे पॉइंट परत घेता येतात का, की तिसाव्यापर्यंत असंच चालू द्यावं?

दगडीवाडा

येतात. स्टॉर्मविंडमधल्या वॉरियर ट्रेनरकडे जा. पहिल्यांदा १ गोल्ड, दुसऱ्यांदा ५, पुढे दर वेळी ५ ने वाढत ५० पर्यंत जातं. पण आत्ता बदलू नका. सतराव्याला १ गोल्ड मोठी रक्कम आहे आणि प्रोटेक्शनचे पहिले वीस पॉइंट एकट्याने खेळताना फारसं देत नाहीत. तिसाव्यापर्यंत आर्म्समध्येच राहा, टॅक्टिकल मास्टरी पूर्ण करा. तिसाव्याला पैसे असतील तेव्हा एकदाच सगळं बदलून २१ प्रोटेक्शनमध्ये टाका.

तोवर लिनन आणि वूल विकू नका, सगळं फर्स्ट एडमध्ये घाला. आणि पिलेजर दिसला की आधी आजूबाजूला किती उभे आहेत ते मोजा.